नांदुरा ते डिब्रूगड, अमडापूर मार्गे

नांदुऱ्याहून आसामातल्या डिब्रूगडला मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो ते सगळे जातात तसा, तिकीट काढून, पट्टा बांधून. त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे आणि ते मी शेवटी सांगणारच आहे. पण पहिल्यांदा गेलो तेव्हा विमान मी स्वतः चालवलं, सात मुक्काम केले, वाटेत बायकोचं माहेर पाहिलं, छत्तीसगडात भर रस्त्यावर उतरलो, आणि एवढं करून रोज संध्याकाळी पाच वाजता घरी चहाला हजर होतो. हे वर्णन त्या पहिल्या प्रवासाचं आहे. ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे मला मध्ये बोललेलं चालत नाही.

माझी ओळख एवढीच की मी चौतीस वर्षं एसटी चालवली. नांदुरा, पिंपळगाव राजा, खामगाव हा रस्ता हाताला इतका बसलेला की झोपेत माझा हात गिअर बदलतो, अशी बायकोची तक्रार आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, नसलेला ब्रेक शोधतो. जावयाने एकदा काळजीने विचारलंही होतं, "बाबा, पाय दुखतो का?" मी हो म्हणालो. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग पाहून घाबरतो, हे जावयाला काय सांगायचं!

आधी घरचं

प्रज्ञा ही आमची एकुलती एक मुलगी. ती डिब्रूगडला बँकेत आहे, जावई तिथेच रेल्वेत. तिला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं की अंथरूण धरून राहायचं, प्रवासाचं नावही काढायचं नाही. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझी बायको सुशीला हिने मधली खोली तिच्यासाठी रिकामी करून, पडदे धुऊन, पाळण्याच्या कड्या तपासून ठेवल्या होत्या. डॉक्टरांचं ऐकल्यावर ती म्हणाली, "पोरगी माहेरी येऊ शकत नाई, तं माहेर तिच्याकडे जाईन."

बोलायला सोपं होतं. रेल्वेने तीन दिवस, त्यात दोनदा गाडी बदलणं, आणि सुशीलाच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर तिला खामगावच्या पुढे बसून जाऊ देत नाहीत. राहिलं विमान. नागपूरपर्यंत गाडीत झोपून जायचं, तिथे विमानात बसायचं, कलकत्त्याला बदलायचं आणि संध्याकाळच्या आत लेकीच्या दारात. मी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मी इमानात बसत नाई."

"काऊन?"

"बस बंद पडली तं लोकं उतरून धक्का मारतात. इमान वर बंद पडलं तं धक्का कोन मारन?"

"इमान असं बंद पडत नाई व."

"तुमची बस तरी कुठी बंद पडत होती! जानेफळच्या रस्त्यावर मले सातव्या महिन्यात दगडावर बसवून तुमी आन् पाशिंजर काय करून राह्यले होते मंग?"

धक्का मारत होतो. पोटात तेव्हा प्रज्ञाच होती. पण वर धक्का कोण मारणार, हा प्रश्न ती मला रोज विचारू लागली. तिकडे प्रज्ञा फोनवर सांगायची, घरमालकीण फार चांगली आहे, केसांना तेल लावून देते, तिकडचा पिठा नावाचा तीळ-गुळाचा गोड पदार्थ करून आणते. एकदा तर म्हणाली, "आई, तू घाबरत असशीन तं नको येऊ. ह्या काकू करतीन सगळं." सुशीलाने फोन ठेवला आणि कडक उन्हाच्या दुपारी स्वयंपाकघरातली मांडणी उतरवून घासायला घेतली. घासता घासता रडत होती. तिचा राग स्वतःवरच होता, हे मला दिसत होतं. लेकीच्या बाळंतपणाला आई पोचली नाही, तर ही बाई उरलेलं आयुष्य त्याच मांडणीसारखं स्वतःला घासत बसेल, अशी मला खरोखर भीती वाटली.

आखणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शबाना मॅडमचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. मॅडम माझ्या मुलीच्या वयाची, पण शिकवते म्हणून मी तिला मॅडम म्हणतो. तिच्याकडे एक चांगला, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आहे आणि त्याला जोडलेली विमानाची दांडी. मुलांची परीक्षा संपली की ती एकटीच दार लोटून विमान उडवते. पडद्यावर सगळी पृथ्वी असते. खरे डोंगर, खऱ्या नद्या, खरे रस्ते, आणि वारासुद्धा त्या दिवशीचा खरा. मी आमची अडचण सांगितली तर ती म्हणाली, "काका, काकूले आधी इथून नेऊन आणा ना. रस्ता वळखीचा झाला की भेव कमी होते."

मला हे एकदम पटलं. नव्या रूटवर ड्रायव्हरलाही आधी एक फेरी नुसती बसवून आणतातच की.

पण लांबचा प्रवास म्हणजे उठलं आणि निघालं असं नसतं. मी शाळेचा नकाशा आणला, पट्टी आणली, दोरा लावून अंतरं मोजली. मॅडमने विमान छोटं निवडलं, चार माणसांचं, पुढे एक पंखा. मोठं विमान ढगांच्या वरून जातं आणि खालचं काही दिसत नाही, आणि आम्हाला तर सुशीलाला जमीन दाखवायची होती. हे विमान तासाला साधारण दोनशे किलोमीटर जातं. टप्पे ठरले: अकोला, नागपूर, रायपूर, झारसुगुडा, रांची, बागडोगरा, गुवाहाटी, डिब्रूगड. क्लास दुपारी दीड ते साडेचार रिकामा असतो, तेवढीच आमची ड्युटी. मॅडमने एक अट घातली. "जिथी आज थांबलो, तिथूनच उद्या निघाचं. इमान जसंच्या तसं. नाईतं मजा काय?"

तिने मला निघण्याआधी तपासायच्या गोष्टींची छापील यादी दिली. ती इंग्रजीत होती आणि अक्षरं बारीक होती, म्हणून मी माझी यादी केली. टायर, ब्रेक, वायपर, दिवे, आरसा, प्रथमोपचाराची पेटी. चौतीस वर्षांत रोज पहाटे मी हेच पाहून गाडी बाहेर काढली होती. विमानाला आरसा नाही हे पाहून मला जरा नवल वाटलं, पण बाकी यादी मला चोख वाटली.

सुशीला यायला तयार झाली ती एका अटीवर, की ती पडद्याकडे पाठ करून बसेल. निवडायला मेथीची जुडी बरोबर घेतली. म्हणाली, "तुमी चालवा. मी आपली बसते."

"नुसती बसू नको. कंडक्टर हो."

चहाच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. दोन टोले म्हणजे निघा, एक टोला म्हणजे थांबा. एसटीत हाच कायदा, विमानातही आम्ही तोच चालवला.

अकोला ते नागपूर, अमडापूर मार्गे

विमानाला धावपट्टी लागते, म्हणून अकोल्याहून निघालो. टण टण, दोन टोले पडले. मी दांडी ओढली आणि जमीन खाली गेली. हे पहिल्यांदा होतं तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. आयुष्यभर खड्डे चुकवले आणि आता खड्डाच नाही! मी मोठ्याने हसलो. सुशीलाने मान न वळवता विचारलं, "काय झालं? पडलं का?"

गावाला सांगून निघावं म्हणून आधी उलटं नांदुऱ्यावर आलो. रेल्वेचे रूळ आणि हायवे बरोबर होते, बाकी गाव मात्र मशीनने आपल्या मनाने बांधलेलं. हायवेवरचा मारुतीचा उंच पुतळा गायब, आणि आमच्या घराच्या जागी लाल कौलांचा दोन मजली बंगला. मी ही बातमी दिली, तर मेथी निवडता निवडता उत्तर आलं, "दोनी मजले झाडाले मीच असन."

तिथून अमडापूर. अमडापूर हे सुशीलाचं माहेर. नकाशावर ते आमच्या वाटेत नव्हतं, दक्षिणेला आडबाजूला होतं. पण लांबच्या प्रवासाला निघताना बाई माहेरी सांगून जाते, हे मला ठाऊक होतं. मी पिंपळगाव राजाचा रस्ता धरला आणि त्याच्या वरून निघालो. रस्ता डावीकडे वळला, मी विमान डावीकडे वळवलं. रस्ता उजवीकडे, मी उजवीकडे.

"काका," मॅडम म्हणाली, "सरळ चाला ना. वर कुठी वळनं असतात?"

"खाली नाला आहे, मॅडम. तिथी पूल अरुंद आहे."

मॅडमने डोक्याला हात लावला. पण मी वळणं सोडली नाहीत. त्या रस्त्याला मी असा वरून ओलांडून जायला लागलो, तर उद्या तो मला ओळख दाखवणार नाही, असं काहीतरी वाटत होतं.

अमडापूर आलं तसं मी सांगितलं, "तुह्यं गाव आलं."

पाठीमागून तिने वडिलांच्या विहिरीचं विचारलं. "आबाची विहीर दिसते का?"

"झाडं दिसतात."

"लिंबाखाली पाह्या."

"लिंब कोनता ते वरून कसं समजन?"

आणि सुशीला वळली. जुडी मांडीवरून खाली पडली. पडद्याजवळ येऊन तिने बोट टेकवलं. "हे नाई. हे तं नाल्याच्या अलीकडचं झालं. तिकडं घ्या जरा. तिकडं नाई हो, टेकडीकडं." मी विमान वळवलं. मशीनला आबांची विहीर ठाऊक नव्हती, पण सुशीलाला होती. ती कुठे असायला हवी ते तिने दाखवलं, शाळेची वाट दाखवली, बोरं कुठे मिळायची ते दाखवलं, भाऊ बैलगाडीतून पडला ती जागा दाखवली. मॅडमला सगळं सांगत होती, आणि मॅडम मनापासून ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बोराच्या झाडाचं मला पहिल्यांदाच कळलं. अमडापूरवर आम्ही पाऊण तास घिरट्या घातल्या. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही, आणि दुसरंही एक पाहिलं नाही, ते पुढे येईलच.

नागपूरला उतरलो ते जरा आपटूनच. तोवर सुशीला पुन्हा पाठ करून बसली होती. माहेर संपलं होतं.

रायपूर

दुसऱ्या दिवशीचा टप्पा सरळ आणि सोपा. भंडाऱ्याकडची तळी उन्हात चमकत होती, मग जंगल, मग भाताची शेतं. आपल्याकडे वरून कपाशी आणि सोयाबीनचे मोठे पट्टे दिसतात, तिकडे बांधाबांधांची लहान लहान चौकोनी शेतं. सुशीला त्या दिवशी पडद्याला पाठ करून नव्हती, आडवी बसली होती. एक डोळा शेंगा सोलण्यावर आणि एक डोळा, मला वाटतं, पडद्यावर.

जिथे उतरू तिथलं खायचं, असा तिने नियम काढला. मॅडमने मोबाइलवर पाहून सांगितलं की छत्तीसगडात तांदळाच्या पिठाचे फरे करतात. संध्याकाळी घरी फरे झाले. उकडून, वरून तिळाची फोडणी. मी चार खाल्ले आणि मग भाकरी मागितली. सुशीला म्हणाली, "चांगले आहेत. पन याच्यावर मानूस दिवसभर वावरात कसा राहात असन?" हाच प्रश्न तिकडच्या बाया आपल्या ठेच्याबद्दल विचारत असतील.

रात्री जेवताना मी हळूच विषय काढला. "आता तं पाह्यलं ना? कुठी काही झालं का?"

"झालं नाई. पन बंद बी पडलं नाई." तिने ताट उचललं. "बंद पडल्यावर काय होते ते सांगा, मंग मी येते."

प्रज्ञाचा आठवा महिना चार दिवसांवर आला होता.

रायपूरच्या पुढे

तिसऱ्या दिवशी टायर, ब्रेक, वायपर, दिवे, सगळं पाहून रायपूर सोडलं. हवा स्वच्छ होती. साडेसहा हजार फुटांवर विमान असं चाललं होतं की मी एका हाताने कचोरी खात होतो. महानदी मागे गेली. पुढे झाडी आणि तिच्यातून गेलेला एक काळा रस्ता.

आणि इंजिनाने खोकल्यासारखं केलं.

मी कचोरी खाली ठेवली. दुसऱ्यांदा खोकलं. मग पुढचा पंखा, जो इतका वेळ दिसतच नव्हता, तो दिसायला लागला. एकेक पातं मोजता यावं इतका सावकाश फिरत होता. आवाज गेला. क्लासमध्ये फक्त वाऱ्याची सुरसुर राहिली.

मागून पेल्यावर एक टोला पडला. टण! म्हणजे थांबा. साडेसहा हजार फुटांवर.

"थांबवा गाडी!" सुशीला उभी राहून ओरडली. "उतरू द्या मले!"

"काका, तेल!" मॅडम म्हणाली. "तेल कधी टाकलं होतं?"

आता सांगायला लाज वाटते. चौतीस वर्षांत मी गाडीत डिझेल टाकलं नाही. कोणताच एसटीचा ड्रायव्हर टाकत नाही. संध्याकाळी गाडी डेपोत लावायची, रात्री तिथली माणसं टाकी भरतात, पहाटे ड्रायव्हर येतो तेव्हा ती भरलेलीच असते. माझ्या यादीत आरसा होता, प्रथमोपचाराची पेटी होती. टाकी नव्हती. अकोल्याला ती पाऊण भरलेली होती. नागपूरला भरली नाही, रायपूरला भरली नाही, आणि मधले पाऊण तास तर आबांची विहीर शोधण्यात गेले.

मला भीती पडद्यावरच्या विमानाची नव्हती. सुशीला माझ्या मागे उभी होती. तिने रोज विचारलेला प्रश्न आता तिच्यासमोर घडत होता आणि तो मी माझ्या हाताने घडवला होता. आता हे विमान दगडासारखं खाली जाईल, ती घरी जाईल आणि डिब्रूगडचं नाव पुन्हा या घरात निघणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाक थोडं खाली करा, काका. थोडंच. स्पीडच्या काट्याले पासष्टवर ठेवा." मॅडमचा आवाज शांत होता. "ते आपोआप जाते. त्याले जाऊ द्या."

आणि ते जात होतं. पडत नव्हतं, जात होतं. इंजिन बंद, पंखा उभा, आणि विमान मात्र उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीसारखं चाललेलं, हळूहळू खाली. एक मिनिट गेलं, दोन गेली. सुशीला ओरडायची थांबली. तिचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला.

"हे अजून पडलं काऊन नाई?" तिने विचारलं.

"पंख आहेत ना त्याले, काकू," मॅडम म्हणाली. "इंजिन पुढे ओढाले असते. धरून ठेवाचं काम पंखाचं."

मी जागा शोधत होतो. मॅडम म्हणत होती शेतात उतरा. पण शेतात बांध होते, आणि शेतात गाडी घालणं माझ्या रक्तात नाही. मला तो काळा रस्ता दिसला आणि जिवात जीव आला. रस्ता म्हणजे माझं घर. पाऊण मैल सरळ होता, दोन्ही बाजूंना झाडं लांब. मी विमान त्याच्या रेषेत आणलं. तेवढ्यात समोरून एक ट्रक. मशीनने रस्त्यावर ट्रकसुद्धा सोडले होते! माझा हात हॉर्नवर गेला, आणि विमानाला हॉर्न नसतो. मी तोंडानेच "पोंऽऽ" केलं. ट्रक खालून निघून गेला, चाकं टेकली, विमान डांबरावर घरंगळत गेलं आणि एका मैलाच्या दगडाजवळ थांबलं. डाव्या कडेला. आपोआप साइड घेतली होती मी.

मला मागे वळून पाहायचं धाडस होईना.

"किती वेळ लागला खाली याले?" सुशीलाने विचारलं.

"सात-आठ मिनिटं," मॅडम म्हणाली.

"आन् आपली बस?" हा प्रश्न मला होता. "बंद पडल्यावर किती जाते?"

"सपाटीवर थोडीशी," मी म्हणालो. "चढावर असली तं मागं येते."

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी, पडद्याकडे तोंड करून बसली. त्या रस्त्यावर उभ्या विमानाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग उरलेली कचोरी उचलून माझ्या हातात दिली.

"खा. थंडी झाली." आणि मॅडमकडे वळून, "याईले डायवर कोनी केलं व माय? डिझल पाह्यलं नाई मानसानं!"

मी दोघींना हात जोडून विनंती केली की हे गल्लीत सांगू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने मला विचारलं, "काका, टाकी फुल का?" सुशीलाने संध्याकाळीच बुद्धविहारात सगळ्या बायांना सांगितलं होतं, तेही माझ्या "पोंऽऽ"सकट.

रांची, बागडोगरा

त्यानंतर आमच्या गाडीची शिस्त बदलली. निघण्याआधी सुशीला पडद्यावरचा टाकीचा काटा स्वतः पाहायची, तो भरलेला दिसला तरच दोन टोले. माझी यादी तिने घडी करून मॅडमच्या पेन स्टँडमध्ये टाकली.

मॅडमने तेवढ्यापुरता नियम मोडून मशीनमधून टाकी भरून दिली, आणि रस्त्यावरून उठून, झारसुगुडाला जेमतेम टेकून रांची गाठली. तिथून बागडोगऱ्याच्या वाटेवर गंगा दिसत होती, आणि नांदुऱ्यातली लाइट गेली. विमान, गंगा, आकाश, सगळं एका क्षणात काळं. "हे कोनतं स्टॉप आलं?" सुशीलाने विचारलं. भीती तिच्या आवाजात नव्हती, वैताग होता. तो टप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून उडवावा लागला.

पण त्यामुळे बागडोगऱ्याला हवा स्वच्छ मिळाली. डाव्या हाताला आधी मला ढगच वाटले. मग ते ढग जागचे हलेनात. हिमालय होता. आपल्याकडे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेवढ्याच जागेत इथे पांढरी भिंत. मॅडमसुद्धा खुर्चीवरून उठली. सुशीलाने डोक्यावर पदर घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. कोणी मोठं समोर आलं की ती घेते.

ब्रह्मपुत्रा

गुवाहाटीपासून पुढे नदी धरून चालायचं होतं. मॅडमने सांगितलं ही ब्रह्मपुत्रा, तर सुशीलाचा विश्वास बसेना. आमची पूर्णा पुरात असते तेव्हासुद्धा पलीकडचा माणूस हाक मारली तर ऐकतो. इथे पलीकडचा काठच धूसर. मध्ये वाळूची बेटं, बेटांवर शेतं. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, कोणीतरी कात्रीने कापल्यासारखे सारखे.

शेवटच्या दिवशी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "प्रज्ञा," सुशीला म्हणाली, "आमी तुह्या गावावर आहो. तुहं घर कोनतं?"

प्रज्ञा अंथरुणात पडून हसायला लागली. "आई, नदीच्या बाजूनं ये. पान्याची टाकी दिसली का? तिच्या मागं."

"टाकी नाई दिसत. या मशीनीले काहीच माहीत नसते. तू सांग, मी समजते."

आणि लेक सांगत राहिली, आई पडद्यावर बोट ठेवत राहिली, आणि मी हळूहळू घिरट्या घालत राहिलो. आबांच्या विहिरीसारख्याच. घर सापडलं नाही, पण जागा सापडली.

"तू खरंच येऊन राह्यली का?" प्रज्ञाने विचारलं. इतके दिवस घरमालकीण चांगली आहे, घरमालकीण चांगली आहे असं सांगणारी माझी पोर. तिचा आवाज तेव्हा सहा वर्षांच्या मुलीचा होता.

सुशीलाने चमचा उचलला आणि पेल्यावर एक टोला दिला. मी विमान खाली घेतलं. डिब्रूगडची धावपट्टी ओली होती. इतक्या दिवसांत धावपट्टीवर माझं पहिलं न आपटता उतरणं झालं.

"तिकिटं काढा," सुशीला म्हणाली. "डिंकाचे लाडू करायचे आहेत मले, दोन दिवस द्या."

खरं विमान

याचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण मला ते धड आठवत नाही. नागपूरला मी ऐटीत चढलो. सुशीलाला खिडकी दिली. आणि पट्टा बांधल्यावर माझ्या लक्षात आलं की पुढचं दार बंद आहे, त्याच्या पलीकडे कोणीतरी माणूस बसला आहे, त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही आणि स्टिअरिंग त्याच्या हातात आहे. विमान धावायला लागलं तसा माझा उजवा पाय खाली दाबला गेला. तो कलकत्त्यापर्यंत तसाच होता.

सुशीला खिडकीतून खाली पाहून मला एकेक सांगत होती. ही तळी, तेच ना ते? हा रस्ता, तुमचा तर नव्हे? शेजारच्या बाईला तिने सांगून टाकलं की आम्ही या वाटेने आधी येऊन गेलो आहोत. मी डोळे मिटून हो म्हणत होतो.

दुसऱ्या विमानात, डिब्रूगड जवळ आलं तेव्हा खाली ढग होते. विमान ढगात शिरलं, खिडकी पांढरी झाली आणि एकाएकी इंजिनाचा आवाज उतरला. जवळजवळ गेलाच. माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले, पाय तर ब्रेक मोडून पलीकडे गेला असता. मी चौतीस वर्षं लोकांना सुखरूप उतरवलेला माणूस, आता मलाच उतरायचं होतं.

सुशीलाने मांडीवरचा लाडवांचा डबा नीट धरला आणि दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"भेऊ नका," ती म्हणाली. "बंद पडलं तरी याले धक्का माराव लागत नाई."